उलांडीवरची जागा

आचरा,
१२ फेब्रुवारी १९६१

ती. भाई,

पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही, एवढ्यावरून तू हे कोणाचं ते ओळखलं असशील. तरी टाकून देऊ नकोस. हे भाषण नाही. भाषण असतं तर तू अर्ध्यात उठून गेला असतास आणि तुझी पाठ बघत मला उरलेली वाक्यं पुरी करावी लागली असती. ते एकदा झालंय.

गावची खबर तुला शेजारचा शिवा लिहीतच असतो, ती मी पुन्हा लिहीत नाही. मला एका बाबतीत तुझं मत हवं आहे. मला होडी घ्यायची आहे. जुनी, वापरलेली, शिडाची. शर्यतीत उतरायला.

हसून घे आणि मग पुढे वाच.

गेल्या नारळी पौर्णिमेला खाडीतल्या शर्यतीचं बक्षीस द्यायला त्यांनी मला बोलावलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमुळे आता माझ्या गळ्यात हार घालायला लोकांना बरं वाटतं. मी कप हातात घेऊन उभी होते. वारा नैर्ऋत्येचा, मधूनच जोराचा. खाडीच्या तोंडाशी वळताना प्रत्येक जण वेळेआधी शीड सैल सोडत होता आणि मी मनात ओरडत होते, अरे थांब, अजून थोडं धर! नंतर मी लोकशाहीवर बोलले. टाळ्याही पडल्या. पण टेबलाखाली माझे पाय काहीतरी चाचपत होते. घरी आल्यावर कळलं काय ते. पायांना उलांडीची आडवी लाकडं हवी होती.

तुला आठवतं ना? होडीच्या डाव्या अंगाला दोन आडव्या लाकडांच्या टोकाशी ती लांबट उलांडी बांधलेली, आणि वारा त्या बाजूने आला की होडी उलटू नये म्हणून कोणीतरी सरकत सरकत तिच्यापर्यंत जाऊन बसायचं, खाली नुसतं पाणी. मी तेरा वर्षांची होते. तुझा उलांडीवरचा गडी ऐन शर्यतीच्या सकाळी तापाने पडला. तू आबांचं मुंडासं माझ्या डोक्याला गुंडाळलंस आणि म्हणालास, "तोंड उघडू नको, गो. तोंड उघडलंस की गावाक कळतला." आपण जिंकलो. गावाला कळलं नाही. पुढच्या वर्षी मी 'मोठी' झाले आणि बायकांनी होडीवर पाय ठेवायचा नसतो हे मला पहिल्यांदा सांगण्यात आलं. त्यानंतर मी तोंड उघडलं ते आजतागायत.

तर मला होडी हवी आहे ती अशी: अंगाने सडपातळ, पुढच्या टोकाची नाळ जराशी उंच, फणसाच्या फळ्यांची, उलांडी हलकी पण आडवी लाकडं जाड, आणि वळताना पाण्याला चिकटून राहणारी. अशी कुठे विकाऊ आहे असं तुझ्या कानावर असेल तर कळव. जुनी घेताना आधी काय बघावं तेही लिही.

तुझी,
सुगंधा


आचरा,
१२ मार्च १९६१

ती. भाई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तुझा टग मुंबईच्या बंदरात मोठमोठ्या बोटी ओढतो, तुला एका होडीचं काय!

मी वेंगुर्ल्याला जाऊन आले. धक्क्याजवळ गणपत नावाच्या माणसाची होडी विकाऊ होती. त्याने तिला निळा रंग दिला होता, इतका ताजा की साडीला लागला. मी तिच्याभोवती फिरले, बोटाच्या पेरांनी फळी फळी वाजवत गेले. आबा वाजवायचे तशी. नाळेपाशी आवाज टणक आला. तळाशी नारळ नासल्यावर येतो तसा.

"होडी कोणासाठी, बाई?" गणपतने विचारलं.

"माझ्यासाठी."

"तसा न्हय. हाकतलो कोण?"

"मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. दारात मासे निवडत बसलेली त्याची बायको मात्र मोठ्याने हसली. "अगो बाय माझे! मगे शीड खंयच्या लुगड्याचा लावतलंस? जरीच्या की इरकली?"

मी म्हटलं, "तुझं एखादं दे. वाऱ्याला तेवढीच गंमत."

मग ती उठून आली. मला म्हणाली, "पाणी ओतून बघ तिच्यात. ह्यो रंगवून विकता." नवरा म्हणाला, "तू गप रव." ती गप्प बसली नाही, स्वतःच घागर घेऊन आली. आम्ही दोघींनी होडीत पाणी ओतलं आणि बाहेरून वाकून बघत बसलो. थोड्या वेळाने निळ्या रंगाला तळाशी घाम फुटला. मग थेंब, मग धार. गणपत म्हणाला, "समुद्रात पाणी भायर आसता, आत नाय. ही उलटी परीक्षा झाली." इतका बिनतोड युक्तिवाद मी विधानसभेच्या निवडणुकीतही ऐकला नव्हता.

होडी घेतली नाही. बाईने जाताना भाजलेले काजू बांधून दिले आणि विचारलं, "तुका खरीच हाकूक येता?" मी म्हटलं, "मी फक्त उलांडीवर बसलेय. सुकाणू माझ्या भावाकडे असायचं." "मगे भावाक घेऊन ये," ती म्हणाली. सगळ्यांना सगळं किती सोपं वाटतं.

तुझी,
सुगंधा


आचरा,
३० एप्रिल १९६१

ती. भाई,

शाळेला सुट्टी लागली. कट्टा गावातली नोकरीची खोली बंद करून मी घरी आले आहे. तोवर शनिवार-रविवारीच यायची, आता सगळे दिवस इथेच. खाडीकडे जाताना रोज आपल्या मांगराच्या खोपटावरून जावं लागतं.

आणखी एक होडी बघितली, मालवणला आनंदीबाईंची. त्या मासळी बाजारात बसतात, आवाज माझ्याहून मोठा. त्यांच्या मुलाने सरकारी कर्जाने यंत्राची होडी घेतली, म्हणून शिडाची विकायची. फळ्या फणसाच्या, पाणी ओतलं तर थेंब नाही. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग मागच्या बाजूला गेले. मुलाने आधी यंत्र हिलाच बसवायचा घाट घातला होता. त्यासाठी शेपटाकडचं लाकूड कापून पुन्हा जोडलेलं. मी यंत्राच्या विरोधात नाही, हे तुला ठाऊक आहे. यंत्र माणसाचे कष्ट कमी करत असेल तर मी त्याच्या बाजूने कुठल्याही मंडपात उभी राहीन. पण अर्धवट कापलेली होडी कुठल्याच बाजूची राहत नाही. वळताना ती तिथेच मोडेल.

आनंदीबाई म्हणाल्या, "बाय, तू होडी बघतंस काय नवरो बघतंस? सगळ्यांत खोट!" मग मला चहा दिला.

काल गुणाजी आला. खाडीपलीकडच्या वाडीचा गुणाजी, तुला माहीत आहे तो कोण. आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या वाडीच्या होड्यांना शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुटावं लागे, कारण पहिला नारळ आणि पहिलं सुटणं हा आपल्या घराचा मान. पुढे सुटणाऱ्याला स्वच्छ वारा, मागच्याला त्याच्या शिडाचं उष्टं. मी देवळासमोरच्या बैठकीत उभी राहून म्हटलं होतं की समुद्राला घराणी ओळखता येत नाहीत, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठ्या आल्या. तू त्याच संध्याकाळी होडी मांगरात चढवलीस, वर झावळ्या घातल्यास आणि मुंबईची बोट धरलीस.

मी तेव्हा बोलले ते आजही बोलेन. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. हे मी तुला राग यावा म्हणून लिहीत नाही. खोटं लिहून तुला जवळ आणलं तर ती जवळीक त्या निळ्या रंगासारखी होईल, म्हणून लिहिते.

तर गुणाजी म्हणाला, "बाई, माझी घेवा होडी. तुमच्यामुळे आमच्या पोरांका..."

मी त्याला तिथेच थांबवलं. "तो उपकार नव्हता, गुणाजी. तुझा हक्क होता. हक्काची परतफेड करायची नसते."

तो हसला. "बरा. मगे होडी कशी होयी ती तरी सांगा."

मी सांगितलं. सडपातळ, नाळ उंच, फणसाच्या फळ्या, आडवी लाकडं जाड, वळताना चिकटून राहणारी. तो ऐकत होता. मग खाली बघून म्हणाला, "ही होडी मी वळखतंय, बाई. धा वर्सा तिच्या मागसून गेलंय. ती तुमच्याच मांगरात आसा."

मी चहा ठेवायला आत गेले.

तुझी,
सुगंधा


आचरा,
१४ मे १९६१

भाई,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने देताना दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. आठ वर्षांत तुझं अक्षर त्यालाही अनोळखी झालंय.

एकच ओळ लिहिलीस. 'सगळ्यांच्यो होड्यो बघलंस. आपली बघूक नाय?'

नाही बघितली. सकाळी तिच्यावरून जाते, संध्याकाळी तिच्यावरून येते, पण झावळीचं एक पातं उचललेलं नाही. का, ते तुला ठाऊक असायला हवं. आपण चालायला लागलो तेव्हापासून आबांनी एकच कायदा शिकवला. देवळात एखाद वेळ विसरून चप्पल घालून गेलात तरी चालेल, पण दुसऱ्याच्या होडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पाऊस आला आणि ती भिजत असली तरी मालकाला हाक मारायची. तू होडी झाकून गेलास. मला बोलला नाहीस. तुझी झाकलेली होडी मी कोणत्या तोंडाने उघडू? मी मानाविरुद्ध बोलले, पण आबांचा कायदा मोडला नाही. निदान तो तरी मोडला नाही असं तुला कोणीतरी सांगेल, एवढी आशा धरून होते.

म्हणून आता रीतसर विचारते. तुझ्या होडीला हात लावू का?

सुगंधा


आचरा,
४ जून १९६१

भाई,

कार्ड मिळालं. ते मी शिवाच्या बायकोला, हौसाबाईला वाचून दाखवलं. ती डोळ्याला पदर लावून मला म्हणाली, "तुमी दोघांव येडी."

'इचारूक होया कित्याक? तू दुसरी कदी झालंस? शिवान लिवल्यान, ती मांगराकडे बघत पण नाय. माका वाटला मानाची होडी म्हणान तुका तिची घाण येता.'

घाण! आणि मी तिच्यावरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायची, कारण बघितलं तर हात लावावासा वाटला असता. आठ वर्षं आपण एकाच कायद्याचे दोन अर्थ लावून बसलो, भाई. मी इतक्या सभांतून इतकी कलमं फोडून सांगितली आणि घरातलं एक कलम कधी कोणाला विचारलं नाही.

मग काल मी आणि शिवा मांगरात गेलो. झावळ्या काढल्या. वरच्या कुजलेल्या होत्या, खालच्या मात्र गेल्या सालच्या. त्यांच्याखाली होडी काळी, तुकतुकीत. मी हात लावला तर हाताला मुशी माशाच्या तेलाचा वास. शिवाकडे बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "भाईन सांगितल्यान, दर दिवाळीक तेल लाव आणि कूस बदल. तुमका सांगू नको म्हणान." मी कट्ट्याला असताना, शनिवारच्या आधी, तो गुपचूप तेल लावायचा. वास मलाही यायचा. मला वाटायचं, त्याच्याच होडीचा.

मी फळी फळी वाजवली. सगळीकडे एकच आवाज. आणखी कुठली होडी मी वाजवणार नाही.

पाणी ओतलं तेव्हा मात्र ती ठिकठिकाणी गळली. आठ वर्षं कोरडी, फळ्यांना तहान लागलेली. शिवा म्हणतो, खाडीत बुडवून ठेवू, लाकूड फुगलं की आपोआप मिटेल. बुडवू ना? विचारायचं नाही असं तू लिहिलंस, पण एवढं विचारते, कारण बुडवताना माझा धीर होत नाही.

सुगंधा


आचरा,
९ जुलै १९६१

भाई,

बुडवली, काढली, पाणी गळायचं थांबलं. शीड मात्र उंदरांनी खाल्लं होतं. नवं हौसाबाईने आणि मी शिवलं. वेंगुर्ल्याच्या त्या बाईला कळवायला हवं, लुगडं लागलं नाही.

शिवाबरोबर दोनदा बाहेर पडले. सुकाणू धरायला मी उलांडीवर बसूनच शिकले आहे हे मला माहीत नव्हतं. तुझा हात कधी वळायचा ते माझ्या कमरेला अजून आठवतं. पण उलांडीची बांधणी शिवाने केली ती सैल आहे. काथ्याची गाठ तुझ्यासारखी कोणाला जमत नाही आणि शिवाही आता वाकून दमतो. त्याने मला विचारलं, शर्यतीत उलांडीवर कोण? गुणाजीने त्याचा पुतण्या देऊ केला. पोस्टमनही तयार आहे, बिचाऱ्याला पोहता येत नाही.

मी कोणालाच हो म्हटलेलं नाही. जागा राखून ठेवली आहे. तुला रजा मिळत नसेल तर होडी उतरवणार नाही. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. एवढी वर्षं वाट बघितली ती चुकून. आता समजून उमजून बघेन.

आणि एक आधीच सांगते. चिठ्ठ्या राहतील. मान परत येणार नाही. हे चालत असेल तरच ये.

सुगंधा


आचरा,
३ सप्टेंबर १९६१

भाई,

तू मुंबईला पोचलास हे शिवाला कळलं, मला कळवलं नाहीस. तुझी सवय जाणार नाही. असो. तू शर्यतभर माझ्याकडे पाठ करून होतास, म्हणून तुला जे दिसलं नाही तेवढं लिहून ठेवते.

तू चिठ्ठी काढलीस तेव्हा सगळं देऊळ श्वास धरून उभं होतं. मी तुला म्हटलं होतं, तू काढ. तू हात घातलास, कागद उलगडलास आणि मोठ्याने म्हणालास, "बघा! हिच्या न्यायान माका शेवटाक धाडल्यान!" लोक हसले ते तुला ऐकू आलं. गुणाजीची म्हातारी आई मात्र हसली नाही. तिने दोन्ही हात जोडले. तुझ्याकडे बघून की देवाकडे, ते मला समजलं नाही.

नारळ मी तुझ्या हातात दिला तेव्हा तू माझ्याकडे चमकून बघितलंस. तुला वाटलं, ही हरली. हरले नव्हते. मी मानकऱ्याला दिला नाही, माझ्या भावाला दिला. तू तो पाण्यात सोडलास, आणि आपल्याआधी कितीतरी नारळ तरंगत होते.

मग आपण सुटलो, सगळ्यांच्या शेवटी. पुढच्यांच्या शिडांनी वारा तोडून टाकला होता आणि पहिल्यांदाच तू तो उष्टा वारा खाल्लास. खाडीच्या मध्यावर तू मान वळवून मागे बघितलंस. रिकाम्या पाण्याकडे. जिथे इतकी वर्षं गुणाजी असायचा.

तोंडाशी वारा डावीकडून आला. मी सांगायच्या आत तू आडव्या लाकडांवरून सरकत गेलास. तेव्हा तुझी पाठ मी बघितली. याआधी एवढा वेळ ती बघितली होती ती देवळासमोर, तू चालता झालास तेव्हा. तीच पाठ. थोडी आबांसारखी वाकलेली. होडी तोलायला तू पाण्यावर इतका कलला होतास की माझा हात जरा ढिला पडला असता तर तू गेला असतास. तू एकदाही वळून बघितलं नाहीस की ही धरतेय का. मी थांबले. अजून थांबले. सगळे सोडून देतात तिथे मी शीड धरून ठेवलं. दोन होड्या आपण तिथे मागे टाकल्या.

जिंकलो नाही. गुणाजी जिंकला. "बरो गेलंस रे!" असं तू त्याला ओरडून म्हणालास तेव्हा त्याचा चेहरा उन्हात होता आणि तू पाण्यात पाय सोडून बसला होतास. त्याने शीड खाली घेतलं आणि नुसता हात वर केला. तुला दिसलं असेल. त्याने डोळे पुसले ते दिसलं नसेल.

होडी पुन्हा मांगरात आहे. तुझी बांधणी अजून टणक आहे, मी सोडलेली नाही. झावळ्या घातल्यात.

राहिली एक गोष्ट. सुरुवातीची. आपण रेषेवर आलो आणि काठावरून झेंडा घेतलेल्या गुरुदासने विचारलं, "होडी कोणाची?" दर वर्षी विचारतात, नाव पुकारायला. माझ्या जिभेवर तुझं नाव होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं. तू उलांडीवरून, पाठमोराच, ओरडलास,

"तिची! मी वजनाक आसंय!"

गाव हसलं. मला सुकाणू दिसेना. भाई, पुढच्या वर्षी जरा कमी बोल. मला वारा बघायचा असतो.

तुझी,
सुगंधा